पाण्यावरचा पहारा

माझ्या मनगटावर वडिलांचे जुने स्विस घड्याळ आहे. रोज किल्ली द्यावी लागते, आणि किल्ली देऊनही ते दिवसाला चार मिनिटे मागे पडते. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरीतली टाचणी चुकून खिशातून घरी आली तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवणारा माणूस! अशा माणसाने हे घड्याळ १९६८ साली एका ‘ओळखीच्या गृहस्थाकडून’ घेतले होते. तो गृहस्थ कोण, हे आम्ही मुलांनी विचारायचे नसे. घड्याळ ‘बाहेरचे’ होते, पावती नव्हती आणि दुकानातल्या भावापेक्षा बरेच स्वस्त पडले होते. आईची एक नायलॉनची साडी त्याच वाटेने घरात आली होती. ती नेसून ती हळदीकुंकवाला गेली, तेव्हा शेजारणींनी पदर हातात घेऊन पाहिला, ही हकीकत ती पुढे वीस वर्षे सांगत असे.

ही ‘बाहेरची’ वाट नेमकी कुठून आत येते, ते पाहण्याच्या हेतूने मी गेल्या हिवाळ्यात घराबाहेर पडलो, असे म्हटले तर वाचकांना ते भारदस्त वाटेल. पण ते खरे नाही. आम्ही उभयता निघालो होतो श्रीवर्धनला, चार दिवस विश्रांतीला आणि जमल्यास ओल्या सुपाऱ्या आणायला. मात्र एस. टी.ने सरळ न जाता समुद्राच्या कडेकडेने जायचे, एवढा हट्ट मी धरला होता.

“कडेकडेने म्हणजे किती वेळा चढायचे आणि उतरायचे?” सौ.ने विचारले.

मी आकडा सांगितला नाही.

भाऊच्या धक्क्याकडे जाताना टॅक्सी बंदराच्या भिंतीला लागून चालली होती. या बंदराच्या हद्दीत यलोगेट नावाचे पोलीस ठाणे आहे. एरवी या ठाण्याकडे आपल्यासारख्यांचे लक्ष जाण्याचे कारण नाही. पण या साध्याशा ठाण्याच्या दप्तरात समुद्रावरची एक विलक्षण फिर्याद नोंदली गेली आहे, आणि लाँच सुटेपर्यंत सौ.ला गुंतवून ठेवणे मला भागच होते.

१९९९ सालची गोष्ट. ऑक्टोबर महिन्यात ‘आलोंद्रा रेनबो’ नावाचे जपानी मालकीचे जहाज ॲल्युमिनियमच्या सुमारे ७,००० टन विटा घेऊन इंडोनेशियातून जपानकडे निघाले. निघाल्या रात्रीच चाच्यांनी ते ताब्यात घेतले. कप्तानासह १७ माणसांना काही दिवस डांबून ठेवले आणि मग एका तराफ्यावर सोडून दिले. दहाएक दिवस ती माणसे भर समुद्रात तरंगत होती. शेवटी एका थाई मच्छीमार बोटीने त्यांना उचलले. इकडे जहाजाला नवा रंग लागला, ‘मेगा रामा’ असे नवे नाव पडले आणि डोलकाठीवर बेलिझ या चिमुकल्या देशाचा झेंडा चढला. चोरलेली सायकल रंग देऊन विकतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त सायकल हजारो टनांची!

जहाज हिंदी महासागरातून पश्चिमेकडे चालले असता कुवेतच्या एका तेलवाहू जहाजाच्या कप्तानाला संशय आला. त्याने कळवले. आपल्या तटरक्षक दलाच्या विमानाने जहाज शोधून काढले आणि दलाचे एक गस्ती जहाज पाठलागावर निघाले. त्या गस्ती जहाजाचे नाव होते ‘ताराबाई’.

“आपली ताराबाई? कोल्हापूरची?”

“तीच. जिजाबाई, चांदबिबी, अहिल्याबाई अशी नावे असलेली जहाजे होती ती.”

सौ.ला गोष्टीत गोडी वाटू लागली, ती या ठिकाणी.

दिवाळी नुकतीच आटोपली होती. ताराबाई लहानशी, आणि पुढे पळणारे जहाज तिच्या कित्येक पटींनी मोठे. थांबण्याचा इशारा झाला, इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, तरी ते थांबेना. मग नौदलाचे ‘प्रहार’ मदतीला धावले. चाच्यांनी पुरावा बुडवण्यासाठी जहाजाला आग लावली, पाणी आत घेतले. तरीही १६ नोव्हेंबरला आपल्या माणसांनी ते हस्तगत केले, आग विझवली, आणि १५ इंडोनेशियन आरोपींसह ते मुंबईला आणले. गुन्हा नोंदला गेला यलोगेटच्या ठाण्यात.

“मग शिक्षा झाली ना?” सौ.ने लगेच विचारले. बायकांना गोष्टीचा शेवट आधी हवा असतो.

शिक्षा झाली. २००३ साली सत्र न्यायालयाने सात सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली. आणि २००५ साली उच्च न्यायालयातून ते सुटले.

“सुटले?”

सुटले. समुद्रावरच्या चाचेगिरीसाठी आपल्याकडे तेव्हा स्वतंत्र कायदाच नव्हता. गुन्हा घडला दुसऱ्या समुद्रात, जहाज दुसऱ्याचे, माल दुसऱ्याचा, आरोपी तिसऱ्याच देशाचे. आपल्या जुन्या दंडसंहितेच्या कलमांत हे सारे बसवायचे म्हणजे लहान मुलाच्या अंगरख्यात थोरल्या माणसाला कोंबण्यासारखे होते. भर समुद्रात ताराबाईने जे पकडले, ते किनाऱ्यावर आल्यावर निसटले.

लाँचचा भोंगा झाला. सौ. काही बोलली नाही, पण रेवस येईपर्यंत ती बंदराकडे वळून वळून पाहत होती.

रेवसहून अलिबाग. येथे कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. गावाच्या गजबजाटात ती शांत जागा आहे. तेथे जाऊन आम्ही हात जोडले. आंग्र्यांच्या काळात या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाला त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. दस्तक नसेल तर जहाज धरले जाई. इंग्रज या प्रकाराला चाचेगिरी म्हणत. गंमत अशी, की पोर्तुगीज हाच परवाना ‘कार्ताझ’ या नावाने खपवत, तेव्हा तो कायदा ठरे! पाण्यावर कोण शिपाई आणि कोण चोर, हे नुसत्या तोफेवरून ठरत नाही. कोणाच्या हाती कोणता कागद आहे आणि तो कागद कोण मानतो, यावर ठरते. कान्होजी १७२९ साली वारले. त्यानंतर या किनाऱ्यावर पुष्कळ झेंडे आले आणि गेले, पण हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

मुक्काम मुरूडला केला. समोर पाण्यात जंजिरा, त्याच्या पलीकडे पद्मदुर्ग: एक सिद्दीचा आणि एक त्याच्यावर डोळा ठेवण्यासाठी महाराजांनी उभारलेला. पहारा या शब्दाचा अर्थ शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. याच मुरूडात आज तटरक्षक दलाचे ठाणे आहे. दलाचे ब्रीद आहे ‘वयं रक्षामः’.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर त्या दलातला एक तरुण भेटला. सुट्टीवर घरी निघाला होता, बाकावर बॅग ठेवून एस. टी.ची वाट पाहत होता. या दलात शिपायाला शिपाई म्हणत नाहीत, नाविक म्हणतात. हा नाविक मात्र बीडकडच्या दुष्काळी तालुक्यातला होता.

“काका, भरतीला जाईपर्यंत समुद्र कॅलेंडरवर पाहिला होता,” तो म्हणाला. “पहिल्या गस्तीला तीन दिवस नुसत्या उलट्या. घरी फोनवर सांगितले, की जेवण फार छान मिळते.”

सौ.ने त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

गुप्त ते त्याने काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. पण कामाची रीत सांगितली. भूमीवर रस्ता असतो, नाका असतो, अडसर टाकता येतो. समुद्रावर रस्ताच नाही, तर नाका कुठून आणणार? म्हणून समुद्राचे पट्टे पाडलेले आहेत, तेही कागदावर. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हे आपले प्रादेशिक पाणी; येथे जवळजवळ जमिनीसारखाच आपला कायदा चालतो. २४ मैलांपर्यंत जकात वगैरे बाबतींत अडवण्याचा अधिकार. आणि २०० मैलांपर्यंत मासे, तेल, खनिजे यांवर आपला हक्क. त्या हद्दीतून परक्या जहाजाला जाता येते. चोरून मासे मात्र धरता येत नाहीत. १९७६ सालच्या कायद्याने हे पट्टे आखले गेले. कायद्याने आपल्या घराला एकाएकी वीस लाख चौरस किलोमीटरचे अंगण दिले खरे, पण ते झाडायचे कोणी?

त्यासाठीच रुस्तमजी समितीच्या शिफारशीवरून हे दल निघाले. सीमा सुरक्षा दलाची घडी बसवणारे हे रुस्तमजी आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. १ फेब्रुवारी १९७७ रोजी दलाचे काम सुरू झाले, १९७८ सालच्या ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते रीतसर उद्‌घाटन झाले. हाताशी होत्या नौदलाच्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच छोट्या गस्ती बोटी. सात नावा आणि एवढा समुद्र!

“आणि संशयित होडी ओळखता कशी?” मी विचारले.

“आधी रेडिओवर विचारायचे: नाव काय, कुठून आलात, कुठे चाललात. मग जवळ जायचे. मासेमारीची होडी असून जाळे कोरडे, पेटीत बर्फ नाही आणि डिझेल मात्र गरजेच्या बाहेर, तर तांडेलाला दोन प्रश्न जास्त विचारायचे.”

“आणि काही सापडले तर?”

“तर काय काका, बंदरात आणायचे आणि पोलिसांच्या नाही तर कस्टमच्या ताब्यात द्यायचे. आमच्याकडे कोठडी नाही आणि कोर्टही नाही. पुढचे सारे किनाऱ्यावर.” चहा संपवून तो हसला. “आणि ज्याची झडती घेतली, त्याचेच इंजिन आठवड्याने बंद पडले, तर त्याला ओढून आणणारेही आम्हीच. तेव्हा तो रागावलेला नसतो.”

एस. टी. आली आणि तो बीडकडे निघून गेला. “पुढचे सारे किनाऱ्यावर” हे त्याचे शब्द मात्र माझ्यापाशी राहिले.

आगरदांड्याहून तरीने दिघीला उतरलो आणि दिवेआगरचा मुक्काम उरकून श्रीवर्धनचा रस्ता धरला. हा रस्ता ज्याने पाहिला नाही, त्याने कोकण अर्धेच पाहिले. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला हात लांब केला तर भिजेल इतका जवळ समुद्र. काळे खडक, मध्येच एखादी वाळूची लहानशी ओंजळ, चार माड, दोन होड्या. याच रस्त्यावर शेखाडी लागते.

रिक्षा थांबवायला सांगितले, तेव्हा सौ.ला वाटले, मला फोटो काढायचा आहे. मी काही बोललो नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये याच लहानशा किनाऱ्यावर रात्री होड्यांतून पेट्या उतरवल्या गेल्या. त्या आधी महिनाभर दिघीलाही माल उतरला होता. या वेळच्या पेट्यांत चांदी नव्हती, घड्याळे नव्हती, नायलॉन नव्हते. आर. डी. एक्स. होते आणि बंदुका होत्या. १२ मार्चला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. पुढे खटला चालला. कस्टममधल्या आणि पोलिसांतल्या काही जणांनी हात ओले करून वाट मोकळी ठेवली होती, हे न्यायालयात शाबीत झाले आणि त्यांना शिक्षा झाल्या.

या किनाऱ्यावर उभे राहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. ती वाट त्या रात्रीसाठी नवी बांधलेली नव्हती. ती वाट जुनीच होती. सोने, चांदी, घड्याळे, ट्रान्झिस्टर, साड्या यांनी वर्षानुवर्षे ती तुडवून मळलेली केली होती. कुठे होडी लावायची, कोणाला किती द्यायचे, कोणत्या नाक्यावर दिवा बारीक होतो, हे सारे ठरून गेलेले होते. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून त्या मालाला गिऱ्हाईक होते, म्हणून ती वाट टिकली. वाटेला काय ठाऊक, की पेटीत घड्याळ आहे की मरण?

माझा डावा हात आपोआप खिशात गेला.

किनाऱ्यावर एक नाखवा जाळे दुरुस्त करत बसला होता. पन्नाशीच्या आसपासचा असावा. “बसा साहेब,” म्हणून त्याने वहिनींसाठी फळीवरची वाळू झटकली. बोलणे त्या विषयाकडे मी वळवले नाही, तोच म्हणाला, “तुम्हीपण तेच बघायला आलात का?”

मला फार संकोच वाटला.

“पुष्कळ येतात,” तो शांतपणे म्हणाला. “तवा मी पोरगा होतो. चांदी हाय, असं सांगून उतरवलं म्हनत्यात. चांदी उतरवायला तरी जायचं होतं का? पन गेली मानसं. मग काय, कुठं गेलं आन् गावाचं नाव सांगितलं, का समोरचा तोंडाकडं बघतच राहायचा. सोयरिकीलाबी लोक विचार करायचे. चार जनांचं कर्म, आन् नाव साऱ्या गावाचं.”

मग तो आजच्या गोष्टी सांगू लागला. १९९३ नंतर नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम यांची एकत्र गस्त सुरू झाली. तरीही २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण ‘कुबेर’ नावाची आपल्याकडचीच मच्छीमार बोट पळवून मुंबईपर्यंत आले. आपल्याच होडीत बसून आलेला परका गर्दीत ओळखायचा कसा? कफ परेडला मच्छीमार वस्तीत ते उतरले, तेव्हा तेथल्या कोळ्यांनी त्यांना हटकले होते. पहिला प्रश्न विचारणारी माणसे ती. त्यांच्या प्रश्नाला पुढे तितक्याच त्वरेने कान देणारा कोणी त्या रात्री नव्हता. १६६ जीव गेले. त्यानंतर २००९ मध्ये किनाऱ्यालगतच्या पाण्याची जबाबदारी तटरक्षक दलावर स्पष्टपणे टाकली गेली. किनाऱ्यावर रडार उभे राहिले, होड्यांना राज्यवार रंग आणि क्रमांक आले, खलाशांना ओळखपत्रे आली.

नाखव्याने आपले ओळखपत्र दाखवले. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडात, आणि कापड विम्याच्या कागदांच्या डब्यात. “दर्यात गेलो का ते विचारत्यात, कार्ड दाखव. हात माशानं भरल्यालं, जाळं अर्धं पान्यात, आन् कार्ड दाखव! राग येतो साहेब. लई राग येतो.” तो थांबला. “पन दाखवतो. येकदा न दाखवल्याचं काय झालं ते ह्या गावानं पाह्यलंय.”

“आणि तुम्हांला काही वेगळे दिसले तर?”

“पंधराशे चोपन्न,” तो म्हणाला. तटरक्षक दलाचा हा फोन क्रमांक त्याच्या होडीच्या केबिनमध्ये आतल्या बाजूला रंगवलेला होता, गणपतीच्या चित्राखाली. “दोनदा फोन लावला मी. येकदा माझीच चूक निघाली, पाव्हन्याची होडी व्हती. तरी ते आले. बोलले, नाखवा, चूक झाली तरी चालंल, पन फोन करा.”

वाचकहो, बिनतारी यंत्र, विमान, रडार, ही साधने मोठी आहेत आणि ती हवीतच. पण शेखाडीच्या वाळूत बसल्यावर मला वाटले, की समुद्राचा पहारा किनाऱ्यावर सुरू होतो आणि किनाऱ्यावरच संपतो. होडी सुटते किनाऱ्यावरून. तिला जाताना पाहणारा डोळा येथला. पकडलेला चोर येतो किनाऱ्यावर. त्याला तोलणारा कायदा येथला. मधल्या पाण्यात ताराबाईने कितीही पराक्रम केला, तरी ही दोन टोके ढिली असली की जाळे फाटलेच. यांतले एक टोक सरकारने उशिरा का होईना बांधले. चाचेगिरीविरुद्धचा स्वतंत्र कायदा संसदेने २०२२ सालच्या डिसेंबरात मंजूर केला. मार्च २०२४ मध्ये नौदलाने ‘रुएन’ या जहाजावरून ३५ सोमाली चाचे धरून मुंबईत आणले, तेव्हा गुन्हा याच नव्या कायद्याखाली नोंदला गेला. आणि तो पुन्हा त्याच यलोगेटच्या ठाण्यात. परतीच्या वाटेवर मी हे सौ.ला सांगितले. “बरे झाले,” ती म्हणाली, “ताराबाईचे श्रम अगदीच पाण्यात गेले नाहीत.”

दुसरे टोक मात्र कोणत्याही कायद्याने बांधले जाणारे नाही.

उठताना नाखव्याचे लक्ष माझ्या मनगटाकडे गेले. हात खिशातून कधी बाहेर आला होता, ते मलाच कळले नव्हते.

“घड्याळ झ्याक हाय साहेब. जुनं दिसतंय.”

“वडिलांचे.”

“आसं आता मिळायचं नाय. कुठनं घेतलं व्हतं त्यांनी?”

त्याने अगदी सरळ मनाने विचारले होते. समुद्र समोर शांत होता. सौ. माझ्याकडे पाहत होती. रोज येता-जाता दर्यावर कोणाला ना कोणाला कार्ड दाखवणारा तो माणूस माझ्या उत्तराची वाट पाहत होता, आणि माझ्यापाशी दाखवायला पावती नव्हती.

“मुंबईला,” मी म्हणालो.

रिक्षात बसल्यावर सौ.ने विचारले, “किती वाजले?” मी घड्याळात पाहून सांगितले. “म्हणजे त्यात चार मिनिटे मिळवायची,” ती म्हणाली, आणि श्रीवर्धन येईपर्यंत आम्ही दोघेही खिडकीबाहेर समुद्राकडे पाहत राहिलो.